फेटा बांधून चुलीपुढं

घरमालकांच्या चुलीपुढं मी एका परक्या मुलीला बसवलं आणि वर तिला म्हणालो, "मीठ बेतानं घाला."

माझ्या हातून गाढवपणा पुष्कळ झाला. पण दोन भाकरींच्या लोभापायी दुसऱ्याच्या घरची चूल मोडायला लावावी, एवढं मोठं काम एकदाच जमलं. ते सांगायचं तर आधी मालक सांगायला हवेत. नाहीतर चूल मोडली तर मोडली, त्यात एवढं काय, असं कुणालाही वाटेल.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ती वर्षं. राज्य निजामाचं, शाळा उर्दूतली, आणि मी हिंगोलीत आईच्या हातचं खाऊन वाढलेला नवाकोरा मास्तर. नेमणूक गोरेगावला झाली. मालकांनी घराच्या पुढच्या अंगाची खोली मला दिली, कोपऱ्यात माझी निराळी चूल. गावात त्यांचा दबदबा होता. जमीन बरी, बैल देखणे, मिशा भरघोस, आणि आवाज असा की पारावर बोलले तर शाळेत मला फळ्याकडून मागं वळून बघावं लागायचं. असा माणूस आपला घरमालक म्हटल्यावर मी जरा दबूनच होतो.

पहिल्याच सकाळी पाणी मागायला म्हणून आत डोकावलो, तर मालक चुलीपुढं बसलेले. डोक्याला पांढराशुभ्र फेटा, अंगात बाराबंदी, बाह्या वर सारलेल्या, आणि काठवटीत भाकरी थापणं चाललेलं. मी तसाच मागं फिरलो. बघू नये ते बघितलं असं काहीतरी वाटलं. मागून आवाज आला.

"मास्तर, पळून काहून राहिले? या. भाकरीला चिरा काहून पडून राहिल्या ते सांगा बरं."

मला काय ठाऊक. पण मी मास्तर होतो, आणि मास्तरला येत नाही म्हणायची सवय नसते. म्हणालो, "पीठ जास्त मळलं असेल."

त्यांनी ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी पीठ कमी मळलं आणि भाकरी तव्यावर टाकता टाकता हातातच फाटली. नंतर शेजारच्या बाईकडून कळलं की जुन्या ज्वारीच्या पिठाला चिकटपणा राहत नाही, गरम पाण्यात भिजवून चांगलं मळावं लागतं. म्हणजे माझं बरोबर उलटं. मालकांनी राग धरला नाही. फाटलेली भाकरी माझ्या ताटलीत घातली आणि म्हणाले, "घ्या. तुमच्या अकलेची हाय."

फेटा मात्र ते चुलीपुढं कधी काढायचे नाहीत. उन्हाळ्यात धारा लागायच्या, मिशांतून घाम पिठात पडेल की काय अशी मला धास्ती. एकदा म्हणालो, "मालक, जरा मोकळं बसा की."

"ती डोक्यावर पदर घेतल्याबिगर कधी बसली का चुलीपुढं? मंग मी उघड्या डोक्यानं कसा बसू?"

ती म्हणजे मालकीणबाई. मधल्या घरात खाटेवर होत्या. मोठा ताप येऊन गेला आणि हातापायातलं बळ जे गेलं ते परत आलंच नाही. मूलबाळ नव्हतं. खाट अशी घातलेली की पडल्या पडल्या चुलीतला उजेड दिसावा. तिथून त्या बोलायच्या, आवाज बारीक, पण शब्द नेमका. "तेल कच्चं हाय अजून." "वरण खाली लागून राहिलं." करडईचं तेल चांगलं तापून त्याचा उग्र वास जाईपर्यंत फोडणीत काही टाकायचं नाही, हे त्या नाकानं ओळखायच्या. मालक म्हणायचे, "थांबलो," आणि खरंच हात वर करून थांबायचे, फौजदारानं अडवल्यासारखे.

त्यांच्याकडं करायला माणसं नव्हती असं नाही. भावकी मोठी. चुलत्यांच्या सुना होत्या, स्वयंपाकाला बाई ठेवायची ऐपत होती. पुसेगावची थोरली बहीण, आक्का, तर दर दोन-चार महिन्यांनी येऊन एकच गोष्ट सांगायची, की दुसरं लगीन कर. त्या काळी यात कुणाला वावगं वाटायचं नाही. बायको अंथरुणाला खिळलेली, पोटी काही नाही, माणसानं दुसरी केली तर लोक बरंच म्हणायचे. मालक ऐकून घ्यायचे आणि उठून कांदा चिरायला लागायचे.

मी एकदा विचारलं. नको तिथं नाक खुपसायची मला आवडच. ते वरण ढवळत होते.

"मास्तर, चुलीपुढं दुसरी बाई बसली, मंग ती कोणी का असंना, का ही खाटेवरची पाव्हणी झाली. तिला कोणी तसं म्हणणार न्हाई. पर तिला कळंल. ती हाय तवर ही जागा तिची. मी बसलो तर काय बिघडलं? मी काही बाई न्हाई. मी तिचा गडी म्हणून बसून राहिलो."

एवढं बोलून त्यांनी वरणाची चव घेतली आणि खाटेकडं बघून विचारलं, "चिच टाकू का?"

आता स्वयंपाक येत नाही आणि बाई ठेवायची नाही, म्हटल्यावर शिकायचं कुणाकडून? गावाकडून. मालक सकाळी दिशेला जाऊन येताना गल्लीत थांबायचे. थोरला माणूस दारात आला की बायका पदर ओढून आत व्हायच्या, समोर येऊन बोलायची रीत नव्हती. म्हणून मालक दाराकडं पाठ करायचे, खाकरायचे आणि समोरच्या भिंतीला विचारायचे, "हुलगे आदी भाजता का आदी भिजवता?" आतून बाई उखळाला उद्देशून सांगायची, "भाजून भरडा म्हणावं." मालक भिंतीला "बराबर" म्हणायचे आणि पुढच्या घरी जायचे. पिठल्याला गुठळ्या होऊ नयेत म्हणून पीठ आधी गार पाण्यात कालवावं, वरणात मीठ जास्त झालं तर कणकेचा गोळा सोडावा, अंबाडीचा पाला उकळून पाणी टाकून द्यावं नाहीतर दात आंबतात, हे सगळं त्यांनी असं पाठमोरं उभं राहून गोळा केलं. सुरुवातीला गाव हसलं. पारावर कुणीतरी म्हणायचं, "आज काय भिजत घातलं मालक?" मालक खरोखरच सांगायचे, "मटकी. मोड आले न्हाईत अजून. थंडी हाय." असं सरळ उत्तर आल्यावर पुढं हसायला जागा राहत नाही. हळूहळू हसणं थांबलं. मग उलट व्हायला लागलं. नव्या सुना सासूला न विचारता मालकांना विचारायला लागल्या. अर्थात भिंतीमार्फत.

या सगळ्यात माझी मदत किती, तर दगडफुलाएवढी. तेही सांगून टाकतो.

मालकीणबाईंना येसराची आमटी खावीशी वाटली. धान्य आणि मसाला भाजून दळून ठेवतात ते येसर, आमच्याकडं लग्नकार्यात त्याशिवाय पंगत उठत नाही. त्यांच्या हातचं येसर गावात नावाजलेलं होतं. त्यांनी खाटेवरून एकेक जिन्नस सांगितला, मालकांनी जमवला. दगडफूल तेवढं संपलेलं. मी फुशारकीनं म्हणालो, "मी आणतो. दगडावर उगवतं ते. विकत कशाला?" हे मला कुठून कळलं होतं देव जाणे, आणि वाईट म्हणजे ते खरंच होतं. फक्त कुठल्या दगडावर हे मला ठाऊक नव्हतं. मी शाळेमागच्या जुन्या बारवेत उतरलो, पायऱ्यांवरचा काळा पापुद्रा चाकूनं खरवडला, रुमालात बांधला आणि मालकांच्या हवाली केला. त्यांनी विश्वासानं तव्यावर टाकला. जो वास सुटला त्यानं गोठ्यातले बैल उभे राहिले.

मालकांनी उरलेला रुमाल तसाच उचलला आणि मला बाजारात अत्ताराकडं नेलं. अत्तारचाचांची मसाल्याची दुकानदारी तीन पिढ्यांची. त्यांनी चिमूट घेतली, चोळली, हुंगली आणि माझ्याकडं बघितलं.

"क्या मास्तर, ये तो बावडी का मैल उठा लाए. बच्चों को भी यहीच पढाते क्या?"

घरी आल्यावर मालकांनी हे जसंच्या तसं सांगितलं, आणि मधल्या घरातून हसू ऐकू आलं. मी गोरेगावला आल्यापासून मालकीणबाईंचं हसू पहिल्यांदा ऐकत होतो. बारीक, खोकल्यात अडकत येणारं. मालक पळी हातात धरून तसेच थांबले, जणू फोडणीत काही टाकायचं राहिलं आहे. पुढं कित्येक दिवस ते मला म्हणायचे, "मास्तर, आणखी काही आणता का बारवेतून?"

मालकीणबाई पुढं गेल्या. मी तेव्हा गोरेगावातच होतो. सकाळी त्यांनी ज्वारीच्या कण्या दोन घास खाल्ल्या, जिरं करपलं म्हणाल्या, आणि दुपारी डोळे मिटले. जिरं करपलं नव्हतं, मी खाल्ल्या होत्या त्या कण्या. त्यांचं नाक गेलं होतं, एवढाच त्याचा अर्थ. पण मालकांनी नंतरही कधी तसं म्हटलं नाही. "माझी फोडणी करपली होती त्या दिवशी," असंच ते सांगत राहिले. दिवस झाल्यावर आक्का पुन्हा आली. आता तर अडसर कसला, असं तिचं म्हणणं. मालक म्हणाले, "मला भाकरी येती."

निजामाच्या शेवटच्या दिवसांत गावोगाव धास्ती होती. मी तोवर बदलून हिंगोलीला आलो होतो. गोरेगावची बरीच माणसं हद्द ओलांडून वऱ्हाडात सोयऱ्यांकडं गेली. मालक जायला तयार नव्हते. शेवटी गेले ते मडक्यात राखेखाली विस्तव घेऊन, असं मला त्यांच्या चुलतभावानं सांगितलं. लोक दागिने पुरत होते, आणि हे गाडीत मांडीवर मडकं घेऊन बसलेले, मधून मधून गोवरीचा तुकडा टाकत. मी ते डोळ्यांनी बघितलेलं नाही. पण खोटं म्हणून सोडूनही देववत नाही.

हे सगळं नंतरचं. आता ती भाकरी.

त्या काळी शाळेला शुक्रवारी सुट्टी. खळ्यावर मळणी चाललेली, मालक पहाटेच शेतात निघाले होते. जाताना मला म्हणाले, "आज आक्का येणार हाय. मास्तर, ध्यान ठेवा. तिला चुलीकडं जाऊ देऊ नका. पाणी बी तुमीच द्या."

मी म्हणालो, "बिनघोर जा."

आक्का बैलगाडीतून आली. बरोबर एक मुलगी. नात्यातली, दूरची, बाप नसलेली. वय लग्नाचं, रंग उन्हानं रापलेला, बोलणं जवळजवळ नाहीच. आक्का आत गेली, भावजयीच्या खाटेपाशी बसली आणि मला ऐकू येईल असं म्हणाली, "मी काही चुलीकडं जात न्हाई बाबा. मला माहीत हाय इथला कायदा." मुलगी अंगणात उभी राहिली. बस म्हणायलाही कुणी नाही. मी पाणी दिलं.

माझी स्वतःची सकाळची भाकरी तव्याला चिकटून तिचा कोळसा झालेला. भूक सपाटून लागलेली. आणि माझ्या डोक्यात हिशेब असा बसला: मालकांनी आक्काला जाऊ देऊ नका म्हटलं. आक्का जात नाही. ही काही आक्का नाही. मी अगदी पाहुणचाराच्या सुरात तिला म्हणालो, "उन्हातून आलात. चूल तिकडं आहे, पीठ डब्यात आहे. थापा दोन-चार भाकरी. सगळ्यांचंच होईल."

तिनं आत आक्काकडं बघितलं. आक्का नुसती पदर सारखा करत बसली. आता कळतं की ती वाट बघत होती, आणि ज्यासाठी तिला दोन दिवस झटावं लागलं असतं ते मी पाण्याच्या एका तांब्यात करून दिलं. मुलगी जाऊन बसली. मी उंबऱ्याशी उभा राहून मिठाबद्दलचं ते वाक्य बोललो.

भाकरी थापण्याचा आवाज प्रत्येक बाईचा निराळा असतो. कुणाचा जलद, कुणाचा भारी, कुणी मध्येच बांगडी मागं सारते. मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. मधल्या घरातून मालकीणबाईंनी विचारलं, "कोण थापून राहिलं?"

आक्का म्हणाली, "मास्तरनं बसवली माय. मी न्हाई."

मी डोकावून बघितलं तर मालकीणबाईंनी तोंड भिंतीकडं केलेलं होतं. भाकरीसाठी आणलेली ताटली मी परत खोलीत नेऊन ठेवली.

मालक आले तेव्हा तव्यावर शेवटची भाकरी फुगत होती. ते दारातच थांबले. मला वाटलं आता तो पारावरचा आवाज निघणार. पण ते अगदी हळू म्हणाले, "ऊठ माय. तुजी काही चूक न्हाई." मुलगी पिठाच्या हातानं उठली. त्यांनी भाकरी उचलल्या, गोठ्यात नेऊन बैलांपुढं टाकल्या. परत आले, खाटेपाशी उभे राहिले.

"बसली ना शेवटी?" मालकीणबाई भिंतीला म्हणाल्या.

"मी बसवली न्हाई."

"मला काय त्याचं. बसली."

मालक माघारी गेले, कोपऱ्यातली कुदळ घेतली आणि चूल मोडली. चूल आणि बाजूचं वरण ठेवायचं वैल, दोन्ही. राख उडून फेट्यावर बसली. आक्का धावत आली. "चालती चूल मोडून राहिलास? घर बुडवतोस का रे?"

"ही चूल गेली, आक्का. दुसरी घालतो. तिच्या हातानं."

"तिला हात हलवता येत न्हाई."

"मंग माझे हलवील."

आक्का त्याच गाडीनं परत गेली. मुलगी तिच्यामागून, रांजणाशी हात धुऊन.

चूल घालणं हे बायकांचं काम. मालक पुन्हा गल्लीत पाठमोरे उभे राहिले. माती कुठली? गावठाणाच्या पांढरीतली, गाळून घ्या म्हणावं. भुसा किती? मूठ-मूठ टाकत जा म्हणावं, हाताला कळतं. एका म्हातारीनं मात्र रीत सोडून बाहेर येऊन त्यांना सुनावलं, "चूल बाईनं घालावी लागती रे. पुरुषानं घातली तर घराला बरं नसतं."

"बाईच घालून राहिली, मावशी. हात तेवढे माझे हायेत."

माती तुडवायचं काम मला. कुणी सांगितलं नव्हतं, मीच धोतर खोचून उतरलो. नको म्हणायची मालकांची इच्छा दिसली नाही. मालकीणबाई पहिल्या दिवशी बोलल्याच नाहीत. माझ्या चुलीवर शिजलेलं त्यांच्यापुढं नेलं, त्यांनी वाटी सारली. दूध तेवढं घेतलं. मालक खाटेपाशी जाऊन चार शब्द बोलत. ते परत येऊन चिखलात हात घालत आणि मुद्दाम मोठ्यानं मला विचारत, "तोंड रुंद झालं का हो मास्तर?" मी म्हणायचो, "ठीक आहे." चूल उघड उघड वाकडी होत चाललेली.

दुसऱ्या दिवशी खाटेवरून आवाज आला. "मास्तरला काय इचारून राहिले. मला दावा."

मालकांनी त्यांना उचललं. हातपाय धुतलेले नव्हते, बाराबंदी चिखलानं भरलेली, तसंच. आणून भिंतीला टेकवून बसवलं. मालकीणबाईंनी डोक्यावर पदर घेतला. मग हात पुढं केला, मालकांनी मनगटाखाली आपला पंजा धरला, आणि त्यांनी भांडं टेकायचे तीन उंचवटे एकेक करून बोटांनी सारखे केले. बोटांचे वाकडेतिकडे वळ त्या मातीत उठले. मालकांनी ते पुसले नाहीत.

चूल वाळेपर्यंत पेटवता येत नाही, नाहीतर तडकते. तोवर त्या खाणार नाहीत हे सगळ्यांना कळलेलं. तो माणूस ओल्या चुलीपुढं बसून तिला सुपानं वारा घालत होता. मीही आळीपाळीनं घातला. दुधावर माणूस किती दिवस निघणार, याचा हिशेब आम्ही दोघंही करत होतो.

अखेर मालकीणबाईंनी नखानं टोकरून बघितलं आणि "पेटवा" म्हणाल्या. पहिली काडी त्यांच्या हातानं सरकवली. फेटा बांधून मालक थापायला बसले. चूल एका अंगाला कललेली, त्यामुळं वरण पातेल्याच्या एकाच बाजूला उकळत होतं. मालकीणबाई भिंतीला टेकून आपल्या जागेवरून बघत होत्या. मालकांनी भाकरी वरणात कुस्करून पुढं केली. त्यांनी घास घेतला. दुसरा घेतला. मालकांनी तोंड फिरवून चुलीत फुंकर घातली, जाळ चांगला होता तरी.

अर्धीअधिक भाकरी संपल्यावर त्या थांबल्या.

"ती पोरगी जेवली होती का?"

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी विचारलं, "कोणती?"

"कोणती काय. जिला तुमी बसवलं ती. पुसेगावहून उन्हात आली, आपल्या घरात भाकरी केली. तिला कोणी जेवू घातलं का?"

तिच्या भाकरी बैलांनी खाल्ल्या होत्या.

"माझ्या ध्यानातच आलं न्हाई," मालक म्हणाले. "धाडू का काही तिला? लुगडं धाडतो."

"लुगडं धाडलं तर आक्का सोयरीक ठरली समजंल. आता काहीच धाडता येत न्हाई." त्यांनी ताटली बाजूला केली. मग माझ्याकडं वळल्या. आवाज बारीकच, पण शब्द नेमका.

"मास्तर, लोक लेकरं कोणत्या भरवशावर धाडून राहिले हो तुमच्याकडं?"